तिसऱ्या ओळीनंतरचा थांबा

हिरामणची गोष्ट सांगायची तर मला आधी मान खाली घालावी लागते. घालतो. चार लोकांत सांगून टाकलं की मनावरचं ओझं तेवढं कमी होईल, म्हणून सांगतोय. कौतुक करून घ्यायला नाय.

मी सखा, पेणचा बेंजोवाला. तारांवर बटणं दाबून वाजवतात तो बेंजो. वायर लावली की आळीच्या त्या टोकापर्यंत ऐकू जातो. हळद असो नाय तर गणपतीची मिरवणूक, पेणपासून रोह्यापर्यंत आमच्या पार्टीशिवाय पान हलत नाय, असं मी येईल त्याला सांगायचो. पार्टीत आम्ही सहा जण, त्यात हिरामण कीबोर्डवर. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. खाडीकडच्या गावातला, बाप जन्मभर मिठागरात राबलेला. त्याला संगीत कोणी शिकवलं नाय. पण कान! वडखळ नाक्यावर ट्रकनं हॉर्न दिला की हा चहा पिता पिता बोलायचा, "काळी दोन." मी बेंजोवर लावून बघायचो, तर काळी दोनच. असा कान, आणि तोंडाला मात्र कायम कुलूप. दहा प्रश्न विचारा, एकाचं उत्तर यायचं. मला अशा माणसांचा भारी राग येतो.

शहाण्णव साली त्यानं मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडनं जुना कीबोर्ड आणला. त्याला बाजूला एक फट होती. त्या फटीत फ्लॉपी घालायची, बटण दाबायचं, की गाणं सुरू. ढोलकी वाजतेय, बासरी वाजतेय, गिटार वाजतेय, आणि आमचा हिरामण हाताची घडी घालून उभा! माझं डोकंच फिरलं.

"मग आम्ही काय टाळ्या वाजवायच्या?" मी विचारलं.

"सखादा, ही कॅसेट नाय," तो बोलला. "यात गाणं भरलेलं नसतं. कुठली पट्टी कधी दाबायची, किती जोरात दाबायची, कधी सोडायची, तेवढंच यात लिहिलेलं असतं. वाजवतो कीबोर्डच. याला मिडी बोलतात."

"आणि लिहिलं कोणी?"

"कोणी तरी. गाणं परत परत ऐकून, एकेक वाद्य वेगळं काढून."

"कोणी तरी म्हणजे कोण? नाव, गाव काय हाय का नाय?"

तेच त्याला माहीत नव्हतं. कीबोर्डबरोबर डबाभर फ्लॉप्या आलेल्या. वर पेनानं गाण्यांची नावं खरडलेली, पण केलं कोणी याचा पत्ता नाय. एकात बासरी भलत्याच सुरात. एकात दुसरं कडवंच गायब. आणि एकात ढोलकीच्या जागी चक्क कुत्रा भुंकायचा. हिरामणनं मला समजावलं की ज्यानं ते लिहिलं त्याच्या कीबोर्डवर त्या नंबराला ढोलकी असणार, आपल्यावर त्याच नंबराला कुत्रा हाय. मला ते तेव्हाही कळलं नाय, आताही कळत नाय. नागोठण्याच्या एका साखरपुड्यात नवरी मांडवात येतेय आणि आमच्या स्पीकरच्या बॉक्समधनं भो भो! नवऱ्याच्या मामानं माझी गचांडी धरली. मी काय त्याला नंबर समजावत बसू?

त्या दिवशी हिरामणनं ठरवलं की आपली गाणी आपणच लिहायची. मग रोज दुपारी त्याच्या घरी तोच धंदा. टेपरेकॉर्डर लावायचा, एक ओळ ऐकायची, थांबवायची, मागे न्यायची, पट्टी शोधायची, कीबोर्डात भरायची. आधी ढोलकी, मग बेस, मग बासरी. त्याची बायको नमिता वैतागून बोलायची, "एकच ओळ दिवसभर ऐकून मी आमटीत मीठपण दोनदा टाकते, भावजी." पण वर्षभरात त्यानं चाळीसेक गाणी लिहून काढली. आणि खरं सांगू? मुंबईच्या फ्लॉप्यांपेक्षा दसपट चांगली. मी तोंडावर बोललो नाय, तो भाग वेगळा.

त्यातलं एक हळदीचं गाणं. सत्त्याण्णवला त्याची कॅसेट आली आणि उन्हाळाभर जिकडे जावं तिकडे तेच. हिरामणनं त्याची मिडी केली आणि तीपण कॅसेटइतकीच गाजली. कीबोर्डवाले फ्लॉपी मागून न्यायचे, कॉपी करायचे, परत आणून द्यायचे. काही मेले परतपण द्यायचे नाय.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चात मुंबईच्या एका वाद्यांच्या दुकानदाराचा निरोप आला. त्याला मराठी गाण्यांच्या मिडी करणारा माणूस पाहिजे होता. घरबसल्या काम, महिन्याला पगार, आणि प्रत्येक फ्लॉपीवर करणाऱ्याचं नाव छापणार. या शेवटच्या गोष्टीनं हिरामण हुरळून गेला. "सखादा, नाव छापणार," हे त्यानं मला दिवसात पाच वेळा सांगितलं. एरवी पाच शब्द बोलायची मारामार. दुकानदाराची अट एकच होती, मिडी कॅसेटबरहुकूम पाहिजे, इकडची मात्रा तिकडे चालायची नाय. नमुन्याला एक गाणं घेऊन या. हिरामणनं हळदीचं घेतलं. मी बरोबर गेलो, कारण मला मुंबईत बेंजोच्या तारा घ्यायच्या होत्या.

दुकानदारानं एका बाजूला कॅसेट लावली, दुसऱ्या बाजूला फ्लॉपी, आणि दोन्ही एकदम सुरू केली. ध्रुवपद संपलं, काटेकोर बरोबर. कडव्याची पहिली ओळ, दुसरी, तिसरी, सगळं बरोबर. माझी छाती फुगली. आणि तिसऱ्या ओळीनंतर कॅसेट पुढे गेली, पण फ्लॉपी थांबली. थांबली म्हणजे बंद पडली नाय, नुसती ढोलकी चालू आणि वर बेंजोची टुणटुण, पुरं एक आवर्तन. मग चौथी ओळ आली. तोवर कॅसेट कुठच्या कुठे गेलेली. दोन गाणी एकमेकांच्या मागे धावायला लागली, तेव्हा दुकानदारानं दोन्ही बंद केली.

"आठ मात्रा जास्त आहेत," तो बोलला. "प्रत्येक कडव्यात. एखादा सूर चुकला असता तर चाललं असतं हो. आधी कान तपासून घ्या."

हिरामणनं फ्लॉपी काढून खिशात घातली. एस.टी.त बसल्यावर पनवेल जाईपर्यंत मांडीवर बोटांनी मात्रा मोजत होता. मग एकदम बोलला, "सखादा, तिसऱ्या ओळीनंतर तू थांबतोस का रे?"

माझं टाळकं सणकलं. "मी? मी कशाला थांबू? पंचवीस वर्षं वाजवतोय. तुझ्या त्या फ्लॉपीचं खापर माझ्यावर फोडू नको, सांगून ठेवतो."

"तसं नाय, नुसतं विचारलं," तो बोलला, आणि पेण येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. कसा होतो बघा मी.

दोन दिवसांनी तो माझ्याकडे आला. त्याचं म्हणणं असं की एकाच गाण्याच्या कधी कधी दोन कॅसेटी निघतात, एकीत एक वाजवलेलं, दुसरीत दुसरं. दुकानदाराकडची वेगळी असेल. रोह्याच्या जितेशकडे याच गाण्याची मिडी होती, आणि ती पेणची नाय, थेट मुंबईहून आलेली, असं जितेश सगळ्यांना सांगायचा. जितेश म्हणजे रोह्याच्या पार्टीचा कीबोर्डवाला, भावाचा कॉम्प्युटर क्लास होता. त्याची मिडी थांबत असेल तर आपली चूक नाय. आम्ही एस.टी. पकडून रोह्याला गेलो.

जितेशनं फ्लॉपी काढली. वर इंग्रजीत लिहिलेलं, त्यानंच वाचून दाखवलं, बॉम्बे ओरिजिनल. कीबोर्डात घातली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, आणि थांबली! तीच ढोलकी, तीच टुणटुण, तेच एक आवर्तन. हिरामणनं माझा हात असा आवळला की बोटं दुखली.

"बघ!" मी ओरडलो. "दुकानदारच बहिरा! त्याचेच कान तपासायला पाहिजेत!"

जितेशपण खुशीत. "लोक असंच नाचतात की," तो बोलला. "कुठं कॅसेट लावली तर पोरांचे पाय अडकतात. बोलतात, कॅसेटच चुकलेली हाय."

मग तो हौसेनं बोलला की आत काय असतं ते कॉम्प्युटरवर दाखवतो. क्लासमध्ये नेलं, फ्लॉपी घातली, काचेवर रंगीत रेघाच रेघा आल्या. हिरवी बासरी, लाल ढोलकी. मी तोंड वासून बघतोय. आणि सगळ्यात वर, रेघांच्या डोक्यावर, इंग्रजीत दोन शब्द. मला वाचता येत नव्हतं. जितेशनं वाचलं, "हिरामण, पेण." मग तो खो खो हसायला लागला. "अरे, ही तर तुझीच की रे!"

हिरामणनंच भरताना आत आपलं नाव टाकलेलं. जितेशला फ्लॉपी दिली नागोठण्याच्या माणसानं, त्याला दिली खांब गावच्या कोणी तरी, आणि मुंबई मध्येच कुठं तरी चिकटली. विहिरीत ओरडावं आणि आतनं कोण बोललं म्हणून वाकून बघावं, तशातली गत झाली आमची. माझ्या डोक्याचा पार भुगा. चार गावांत चार फ्लॉप्या, चारी एकच सांगतात, आणि चारी मिळून एकच साक्षीदार. मग बरोबर कोण? लोक नाचतात ते, की कॅसेट बोलते ते? आणि ते आवर्तन आलंच कुठनं? आभाळातनं पडलं?

जितेश हसत होता. हिरामण त्या दोन शब्दांकडे बघत होता. त्याचं तोंड मी विसरणार नाय.

त्यानंतर तो बिघडलाच. एप्रिलात एका हळदीला वाजवता वाजवता मध्येच पट्ट्यांवरनं हात उचलले आणि मला विचारतोय, "बरोबर चाललंय ना?" समोर शंभर माणसं नाचतायत! मग गाणी सुरू करायच्या आधी विचारायला लागला, मग संपल्यावर, मग यायचाच बंद झाला. एकदा नाक्यावर भेटला. मागनं ट्रकचा हॉर्न वाजला. मी मुद्दाम विचारलं, "काय रे, कुठली पट्टी?" तो बोलला, "माहीत नाय." गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायला जायला लागला. पोटाला तेही वाईट नाय, पण त्या कानाचं काय?

मेच्या शेवटी नमिता घरी आली. डोळे सुजलेले. "भावजी, कीबोर्ड विकायला काढलाय यांनी. रविवारी जितेश न्यायला येणार. रात्रंदिवस बोलतायत, माझा कान गेला, माझा कान गेला. काय झालंय यांना?"

"त्या फ्लॉपीनं खाल्लं त्याला," मी बोललो. "पहिल्या दिवसापासून सांगत होतो मी." वर तिलाच शहाणपण शिकवलं.

शुक्रवारी खांबला माझ्या मावसभावाकडे हळद होती. घरचं कार्य म्हणून मी बेंजो नेला नाय, पाव्हण्यासारखा खुर्चीवर बसलो. गाणी टेपवर. आमच्याकडे लग्नात धवलारीण असते, धवले गाऊन लग्न लावते ती बाई. त्या दिवशी धोंडुबाई होती. सत्तरीची, आवाज अजून खणखणीत. पाच सवाष्णी पाळीपाळीनं नवऱ्याला हळद लावतात. एकीनं लावून उठायचं, दुसरीनं पाटाजवळ बसायचं. धोंडुबाईचं धवला गाऊन झालं आणि कोणी तरी टेपवर तेच हळदीचं गाणं लावलं.

पहिली सवाष्ण उठली. दुसरी, माझी भावजय हौसा, बसायला वाकली, तोच तिसरी ओळ संपली आणि कॅसेट सरळ चौथीवर गेली. हौसा अर्धी वाकलेली, वाटी हातात, गाणं पुढे पळालेलं. तिनं घाईघाईनं हळद लावली ती नवऱ्याच्या डोळ्यात. हसाहशी झाली. धोंडुबाई टेपवर खेकसली, "वायच थांब की रे, मेल्या!"

मग माझ्याकडे वळली. "काय रे सखा, तू असा रिकामा बसलास काय? तू थांबतोस ना आमच्यासाठी. या डब्याला काय कळतंय?"

"मी थांबतो?" मी विचारलं.

"मग काय? हळदीचं गाणं कुठलंपण असो, बाई बसेपर्यंत तिसऱ्या ओळीवर टुणटुण करत ऱ्हातोस. आज काय पहिल्यांदा? तुझं लग्न व्हायचं होतं तवापासून थांबतोस तू."

मी खाली बघितलं. उजव्या हाताची बोटं मांडीवर चालू होती. गाणं पाचव्या ओळीला पोचलेलं आणि माझी बोटं अजून चौथीवर.

अरे देवा! एकदम सगळं आठवलं. सत्त्याण्णवच्या जूनमध्ये हिरामणच्या टेपरेकॉर्डरनं ती कॅसेट खाल्ली, टेपचा गुंता झाला. दुसरी कॅसेट गावात मिळेना. मग तो माझ्याकडे आला. "सखादा, कडवं तेवढं वाजव." मी ओट्यावर बसून दहा वेळा वाजवलं आणि त्यानं ऐकून लिहिलं. गाणं मी दुकानाच्या दारात दोन-तीनदा ऐकलेलं, तेवढ्यावर वाजवायचो. कॅसेट घरी नेऊन ऐकायची म्हणजे कमीपणा, असा माझा तोरा. आणि हात तर पंचवीस वर्षं सवाष्णींसाठी थांबत आलेला. आता सवाष्ण असो नसो, तो थांबतो, आणि मला पत्ता नाय.

एस.टी.त त्यानं मला सरळ विचारलं होतं. आणि मी काय बोललो होतो?

शनिवारी घरातनं निघायचं धाडस झालं नाय. खोटं कशाला बोलू? रविवारी सकाळी जितेश यायच्या आधी गेलो. कीबोर्ड चादरीत बांधून दाराशी ठेवलेला. हिरामण पायरीवर बसलेला, नखांत पांढरी माती.

"हिरामण," मी बोललो, "ते आवर्तन माझं. मी थांबतो. धोंडुबाईनं सांगितलं. तू माझ्यावरनं लिहिलंस. कान तुझा शाबूत हाय रे, चूक माझी हाय."

मला वाटलं हा उडी मारेल. नाय तर शिव्या देईल. शिव्याच दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"व्हय," तो सावकाश बोलला. "लिहिताना मला खटकलं होतं. कॅसेट मोडायच्या आधी मी चार दिवस ऐकलेली. कॅसेटवाले तिथं थांबत नव्हते. मनात आलं, तुला विचारावं. मग बोललो, सखादा चुकायचा नाय, आपल्यालाच नीट ऐकू आलं नसेल."

"आणि रोह्याला गेलो ते?"

"तुझं बरोबर निघावं म्हणून गेलो. एस.टी.त तू नाय बोललास ना. मग मला कळेना, तू खरंच तसं वाजवलेलंस की मीच आपलं मनानं घातलं. वर्ष होत आलेलं. दोघांतला एक कान गेलाय एवढं नक्की. तुझा कसा जाईल? म्हणून माझाच धरला."

पन्नाशीचा माणूस मी, पायरीवर बसून रडलो. नमिता दारात आली, दोघांकडे बघून आत गेली.

जितेश आला. हिरामणनं त्याला चहा पाजला आणि कीबोर्ड विकायचा नाय असं सांगितलं. जितेश वैतागला, पण हळदीच्या गाण्याचं कळल्यावर बोलला, "आता काढू नका हां ते आवर्तन. आमची पोरं पडतील." आणि गेला.

हिरामणनं चादर सोडली, वायर लावली. मग माझ्याकडे न बघता बोलला, "सखादा, त्या चाळीसातली निम्मी मी तुझ्यापाशी बसून लिहिलीत. कुठली खरी, कुठली तुझी, मला ठाऊक नाय. तुला हाय?"

मी आठवायला लागलो. एकेक गाणं बोटांवर आणून बघितलं. बोटं सगळीकडे झरझर चालत होती, कुठेच अडत नव्हती. "मलापण नाय," मी बोललो.

"मग तू बाहेर ओट्यावर बस. बोटंपण हलवू नको. मी एकटा ऐकतो."

मी ओट्यावर बसलो, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. आत त्यानं पहिली कॅसेट लावली, मग फ्लॉपी, मग परत कॅसेट. पहिलं गाणं बरोबर निघालं. दुसरं बरोबर निघालं. तिसरं मिरवणुकीचं, जिथं वाजवणारा थांबला तर मागची गणपतीची गाडी अंगावर येते. ते मध्यावर आलं आणि आतली टेप खट्कन बंद झाली.

"सखादा," आतनं आवाज आला. "इथं कॅसेट थांबते, फ्लॉपी नाय थांबत. इथं पण तूच?"

मांडीखाली बोटं न थांबता पुढे चाललेली मला कळत होती.

"व्हय रे," मी बोललो. "मीच."